दोष पायाखाली, शिक्षा गियरबॉक्सला

बदलापूरचा पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल, अंबरनाथचा रेल्वेवरचा पूल आणि उल्हासनगरच्या टोकाला शहाडचा पूल. संध्याकाळी तिन्हीकडे तीच तऱ्हा असते. चढावर गाड्यांची रांग लागलेली. पुढची दोन हात सरकते, मागची तेवढीच सरकते, पुन्हा सगळं ठप्प. दर वेळी हँडब्रेक कोण ओढत बसणार? म्हणून डावा पाय क्लचवर अर्धा, उजवा ॲक्सिलरेटरवर जरासा, आणि गाडी चढावर तशीच अधांतरी धरून ठेवलेली. बाहेरून काही कळत नाही, पण आत क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते, तापत असते. अशी काही वर्षं निघाली की मालक एक दिवस गॅरेजच्या दारात गाडी लावतो आणि सांगतो, "गियर पडत नाही. गियरबॉक्स खोलून बघा."

तक्रार खरी असते, निदान मात्र बहुधा चुकलेलं असतं. हाताला अडतो तो गियरचा दांडा, म्हणून संशय गियरबॉक्सवर जातो. वास्तविक गियरबॉक्स हा गाडीतला सगळ्यात कमी कुरकुर करणारा भाग. बंद पेटीत, तेलात बुडून, ऊन-पावसापासून लांब असतो. बरी वागणूक मिळाली तर इंजिनाइतकाच टिकतो. क्लचचं तसं नाही. तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो. हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीत एकच प्लेट लाखभर किलोमीटर सहज काढते, आणि उल्हासनगरात कॅम्प नंबर तीनच्या बाजारातून रोज दोनदा वाट काढणाऱ्या गाडीत तीच प्लेट तीस-चाळीस हजारांत मान टाकू शकते. उल्हासनगरची मूळ आखणी दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीची. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पाच कॅम्पांच्या त्या रस्त्यांवर आज मोटारी, रिक्षा, टेम्पो, हातगाड्या सगळं एकदम चालतं. अशा शहरात गियर किती वेळा बदलावा लागतो यापेक्षा क्लच किती वेळ अर्धवट दाबलेला राहतो, याला जास्त महत्त्व आहे.

आत नेमकं काय घडतं, ते एकदा डोळ्यांसमोर आणलं तर निम्मं निदान घरच्या पार्किंगमध्येच होतं.

इंजिन सुरू असेपर्यंत थांबत नाही. नुसतं उभं असलं तरी मिनिटाला सात-आठशे फेरे घेतं. त्याच्या मागे फ्लायव्हील, फ्लायव्हीलला चिकटून क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पाय पेडलवर पडला की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची पकड सोडवतं. या हालचाली फार लहान असतात. पेडल बारा-पंधरा सेंटिमीटर खाली जातं तेव्हा बेअरिंग जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं आणि प्रेशर प्लेट फार तर दीड-दोन मिलिमीटर मागे हटते. म्हणजे पेडलचा शेवटचा बोटभर प्रवास कुठे हरवला, तर आत प्लेट पूर्ण सुटतच नाही.

क्लचच्या पुढे गियरबॉक्स. आजच्या मोटारींत पुढे जाण्याचे सगळे गियर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा चक्र चक्रात घुसत नाही. शाफ्टवरची एक बाही सरकते आणि हव्या त्या चक्राला शाफ्टशी जोडते. दोघांचा वेग वेगळा असेल तर दात दातांवर आपटतील. ते टाळायला मध्ये एक पितळी कडं असतं, त्याला म्हणतात सिंक्रोनायझर रिंग, गॅरेजच्या बोलीत सिंक्रो. बदलापूर लोकल फलाटात शिरत असताना चढणारा सराईत माणूस आधी डब्याच्या वेगाने दोन पावलं धावतो आणि मगच पाय टाकतो, तसं हे कडं आधी घासून दोघांचा वेग सारखा करतं आणि मगच बाहीला आत सोडतं.

आकड्यांत पाहू. समजा, दुसऱ्या गियरचं गुणोत्तर 1.9 आहे, तिसऱ्याचं 1.3, आणि दुसऱ्यात इंजिन 3000 फेऱ्यांवर आहे. त्याच वेगात गाडी तिसऱ्यात जायची, तर गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला साधारण 2050 फेऱ्यांवर उतरावं लागेल. म्हणजे साडेनऊशे फेरे कमी करायचे, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. सिंक्रोला हे जमतं, कारण क्लच सुटलेला असताना त्याला फक्त हलकी क्लच प्लेट आणि एक शाफ्ट एवढंच आवरायचं असतं. क्लच नीट सुटला नसेल तर त्या शाफ्टला मागून अख्खं इंजिन ढकलत राहतं. तळहाताएवढ्या पितळी कड्याची झुंज मग इंजिनाशी लागते. दांडा अडतो, खर्रर्र आवाज येतो, ड्रायव्हर चिडून जोर लावतो, आणि त्या जोराने चांगला सिंक्रो खरोखरच खराब होतो. क्लचचा दोष वेळेत सापडला नाही तर काही महिन्यांनी गियरबॉक्सही दोषी ठरतो तो असा.

सिंक्रो ही सोय तशी जुनी. अमेरिकेत कॅडिलॅकने 1928 मध्ये ती विक्रीच्या गाडीत आणली. आपल्याकडे मात्र कित्येक वर्षं पहिल्या गियरला सिंक्रो नसलेल्या गाड्या धावत होत्या आणि ट्रक-बसच्या ड्रायव्हरांना डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच, मग खालचा गियर. कल्याण आणि विठ्ठलवाडी आगारांतून माळशेजमार्गे नगरकडे जाणाऱ्या एसटीच्या जुन्या चालकांचा पाय या तालात बसलेला असे. सिंक्रो आज जे करतो, ते काम ही माणसं कानाने करत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीत गियरचा दांडा स्टीअरिंगखाली होता. तिथून गियरबॉक्सपर्यंत दांड्या, सांधे आणि बुश यांची लांबलचक साखळी जायची. ही साखळी ढिली झाली की गियर 'कुठेतरी' पडे आणि टॅक्सीवाला बॉनेट उघडून हातानेच ती जागेवर आणे. तिथेही बिचाऱ्या गियरबॉक्सचा दोष नसे. मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस निघून गेली. कंपनीचं नातं या पट्ट्याशीही होतं: 1990 च्या दशकात तिच्या भागीदारीतली पूजो 309 कल्याणजवळच तयार होत होती.

आता निदानाकडे. यासाठी पाना लागत नाही, सपाट जागा लागते.

इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबायचा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गियर टाकून बघायचे. एखादा अडला तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा बघायचं, कारण कधी कधी दातासमोर दात येऊन उभा राहतो. सगळे गियर लोण्यासारखे पडले, तर इंजिन सुरू करून हेच पुन्हा करायचं. बंद इंजिनावर पडणारे गियर चालू इंजिनावर अडत असतील, तर गुन्हेगार क्लच आहे. गियरबॉक्स खोलण्याची गोष्टही काढू नये. इंजिन बंद असूनही दांडा अडत असेल, तर दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंतच्या केबल, दांड्या, बुश यांच्याकडे वळायचं. आणि सगळे गियर ठीक, फक्त दुसरा किंवा तिसराच खरखरतो असं असेल, तेव्हा त्या एका गियरच्या सिंक्रोवर संशय घ्यायला जागा आहे.

रिव्हर्सची कसोटी याहून नेमकी. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. म्हणून क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला आणि थोडी खरखर झाली, तर त्यात काही बिघडलेलं नाही. आतला शाफ्ट अजून फिरत होता, इतकंच. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबावं आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली तर शाफ्ट थांबतच नाही, म्हणजे क्लच सुटत नाही. रोजच्या वापरात घाई असेल तर एक साधी युक्ती आहे: आधी पहिला गियर टाकायचा आणि लगेच रिव्हर्स. पहिल्याचा सिंक्रो शाफ्ट थांबवून देतो, रिव्हर्स मुकाट्याने पडतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे का शिकवत नाहीत, कोण जाणे.

क्लच सुटत नाही असं ठरलं, तरी लगेच प्लेट बदलायची नसते. आधी खाली वाकून पाय ठेवायची जागा बघावी. हल्ली नव्या गाडीत सर्वांत आधी बसवली जाते ती जाड सेव्हन-डी मॅट. तिच्यावर पावसाळ्यात रबरी मॅट, त्यावर कधी कोणी पेपरही अंथरतो. या थरांची जाडी पेडलच्या त्याच शेवटच्या बोटभर प्रवासातून वजा होते. मॅट काढून गियर टाकून पाहायला अर्धं मिनिट लागतं, आणि एवढ्यावर तक्रार मिटली तर त्याहून स्वस्त दुरुस्ती नाही.

मॅट निर्दोष निघाली तर पेडलपासून क्लचपर्यंतचा दुवा तपासायचा. मारुती 800, आल्टो यांसारख्या गाड्यांत तो दुवा म्हणजे क्लच केबल. ती ताणली जाते, आतल्या तारेचे धागे एक-एक करून तुटतात, पावसाचं पाणी शिरून ती गंजते. पेडल जड झालं, दाबताना करकर ऐकू आली किंवा मध्येच अडल्यासारखं वाटलं, तर केबल संपत आली आहे. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असावी लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चाल जास्त झाली तर क्लच सुटत नाही आणि गियर अडतो. चाल उरलीच नाही तर उलट होतं: क्लच पूर्ण बसत नाही आणि घसरायला लागतो. प्लेट झिजत जाते तशी चाल आपोआप कमी होत जाते, म्हणून केबलचा नट अधूनमधून फिरवून घ्यावा लागतो. हे काम दहा मिनिटांचं. उल्हासनगर-अंबरनाथच्या रिक्षांवर हात बसलेले कोपऱ्यावरचे मेकॅनिक ते डोळे मिटून करतात, कारण रिक्षाचंही दुखणं बहुतेकदा केबलचंच असतं.

रिक्षाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रिक्षाचा क्लच तेलात बुडालेला आणि अनेक प्लेटांचा असतो. तो घासला तरी तेल उष्णता घेऊन जातं. त्यामुळे शेअर रिक्षा हाफ क्लचवर सरकवत सरकवत स्टँडच्या रांगेत पुढे नेणं तिला बऱ्यापैकी सोसतं. मोटारीचा क्लच कोरडा, एकाच प्लेटचा. तीच सवय घेऊन माणूस रिक्षावरून टॅक्सीत आला, की पहिल्याच पावसाळ्यात त्याला जळका वास ओळखीचा होतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच असतो. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, गियरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर, आणि दोघांमध्ये ब्रेकचंच तेल, डीओटी 3 किंवा 4. इथली खूण अगदी स्पष्ट आहे. एकदा दाबून गियर पडत नाही, पण पेडल दोन-तीनदा पंप केलं की पडतो, असं झालं तर नळीत हवा शिरली आहे किंवा तेल गळतं आहे. पेडल खाली जाऊन वर येतच नसेल तर गळती मोठी आहे. हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात पावसाळ्यात आर्द्रतेला तोटा नाही. दोन वर्षांनी ते बदललं तर सिलिंडरांची रबरं टिकतात. पण ब्रेकच्या तेलाचा डबा कोणी उघडून बघत नाही. इंजिनचं तेल बदललं म्हणजे सर्व्हिसिंग झालं, अशी आपल्याकडे समजूत.

गियर न पडणं आणि गियर पडूनही गाडी न ओढणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गॅरेजात दोन्हींना "क्लच गेला" म्हणतात, म्हणून फरक गाडीच्या मालकानेच सांगायला हवा. पहिल्यात क्लच सुटत नाही, दुसऱ्यात धरत नाही. न धरणाऱ्या क्लचची परीक्षा बदलापूरपुढे वांगणी ओलांडून नेरळला गेलं की होते. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा माथेरानचा घाट छोटा, पण भलताच उभा आणि वळणावळणांचा. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आणि नेरळ पायथ्याच्या मैदानात, त्यामुळे चढ थोड्या अंतरात उरकावा लागतो. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्या या घाटात वळणावर थांबतात, हाफ क्लचवर लटकतात आणि इंजिन ओरडत असताना गाडी जागची हलेनाशी होते. प्लेट अति तापून गुळगुळीत झालेली असते. त्याच घाटात भाड्याच्या टॅक्सी दिवसभर वर-खाली करतात; वर्षानुवर्षं त्या मारुती ओम्नी होत्या, 2019 मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबल्यावर तिची जागा ईको घेऊ लागली. या टॅक्सीवाल्यांकडे पाहावं. पहिला गियर वेळेआधी टाकलेला, पुढच्या गाडीपासून मोकळं अंतर, आणि थांबायची वेळ आलीच तर पाय क्लचवरून पूर्ण काढून हँडब्रेकवर उभी. निघताना क्लच पकडायला लागला, बॉनेट जरासं उचललं, की हँडब्रेक सोडायचा. प्लेट सेकंद-दीड सेकंद घासते, बस्स. उतरतानाही गाडी न्यूट्रलमध्ये सोडत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिनच तिला आवरतं, ब्रेक तापत नाहीत.

जळका वास आलाच, तर गाडी सपाटीवर घेऊन अर्धा तास थांबणं हाच उपाय. त्यावर पाणी मारणं हा उपाय नव्हे, तरी घाटात ते करताना माणसं दिसतात.

हा सगळा ताप नको म्हणून कित्येक जण आता एएमटी गाड्या घेतात. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओने ही पद्धत आपल्याकडे रुजवली. तिच्यात क्लचचं पेडल नसतं, क्लच मात्र असतो. तीच कोरडी प्लेट, तोच गियरबॉक्स. फक्त दाबण्याचं आणि बदलण्याचं काम यंत्र करतं. पुलाच्या चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर एएमटीची प्लेटही तशीच जळते. फक्त पाय दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो.

बदलापूरला गियर अडण्याचं एक कारण नदीकडूनही येतं. 26 जुलै 2005 चा पाऊस या पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही. 2019 च्या जुलैअखेर उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवून आणावं लागलं. 22 जुलै 2021 ला पुन्हा पाणी वस्तीत शिरलं. अशा वेळी नदीकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या चाकभर, कधी बॉनेटपर्यंत बुडतात. पाणी ओसरल्यावर लोकांचं लक्ष इंजिन आणि सीट यांच्याकडे जातं. क्लच आणि गियरबॉक्स कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

फ्लायव्हील लोखंडी, प्रेशर प्लेट लोखंडी, आणि त्यांच्यामध्ये घट्ट दाबलेली ओली क्लच प्लेट. चार-आठ दिवस गाडी तशीच उभी राहिली की गंज धरतो आणि प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नेहमीसारखं खाली जातं, केबल ठीक, तेल ठीक, तरी चालू इंजिनावर एकही गियर पडत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा पूर न येताही दमट तळघरांतल्या कित्येक गाड्यांना हाच आजार जडू शकत होता. चिकटणं वरवरचं असेल तर मेकॅनिक इंजिन गरम करून बंद करतात, गाडी मोकळ्या मैदानात नेऊन पहिल्या गियरमध्ये, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारतात, आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरचे हलके हिसके देऊन प्लेट सोडवतात. गाडी त्या वेळी एकदम पुढे झेप घेते, म्हणून हा प्रयोग सोसायटीच्या आवारात करायचा नाही. सुटली नाही तर गियरबॉक्स उतरवणं भाग आहे.

दुसरं नुकसान उशिरा दिसतं. गियरबॉक्सच्या माथ्यावर हवा खेळती राहावी म्हणून एक छोटं छिद्र, ब्रीदर, असतं. धावून तापलेला गियरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं. दुधाळ तेलावर गाडी महिनोन्‌महिने चालते, गियरही पडतात. मग बेअरिंग घरघरायला लागतात. पाण्यात बुडालेली गाडी चालू न करता टो करून गॅरेजला न्यावी, हे इंजिनासाठी सगळे सांगतात. त्याच भेटीत गियर ऑइलचा बोल्ट उघडून रंग बघायला सांगावं. छोट्या मोटारीत हे तेल दोन लिटरच्या आसपास असतं, म्हणजे बदलण्याचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

तेलावरून आणखी एक, दुकानात फसण्याजोगी गोष्ट. गियर ऑइलच्या डब्यावर 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90 असा पातळ-घट्टपणाचा आकडा असतो आणि शेजारी जीएल-4 किंवा जीएल-5 असं लिहिलेलं असतं. पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून चांगला, असं दुकानदारही सांगतो. जीएल-5 मध्ये प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं साधारण दुप्पट असतात. ती मागच्या डिफरन्शियलला हवी असतात, पण सिंक्रोच्या पितळाला मानवतीलच असं नाही. शिवाय सिंक्रोचं काम घासण्यावर चालतं. तेल फार निसरडं झालं तर कड्याला पकड मिळत नाही आणि गियर खरखरतो. पुस्तिकेत जे लिहिलं आहे तेच भरावं. पहाटेच्या गारठ्यात पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गियर जड जातो आणि मग सुरळीत होतो, असं असेल तर तेल थंडीत घट्ट झालं आहे किंवा जुनं झालं आहे. कापाकापीची गरज नाही.

केबल-दांड्यांचं दुखणं लवकर उरकतं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक आधुनिक गाड्यांत दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. दांडा ढिला डगमगतो, पहिल्याऐवजी तिसरा पडतो, रिव्हर्स शोधावा लागतो, ही सगळी लक्षणं केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिक बुशची. खड्ड्यांनी इंजिनाचं माउंटिंग फाटलं तरी इंजिन-गियरबॉक्सची जोडी हलते आणि दांड्याचं गणित चुकतं. क्लच सोडताना गाडी थरथरते ती बरेचदा यामुळेच. कल्याण-बदलापूर रस्त्याने नियमित जाणाऱ्यांना खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

एवढ्या सगळ्यांना निर्दोष सोडल्यावर जो उरतो तो खरा गियरबॉक्सचा आजार. चालू गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये येतो, म्हणजे गियर सटकतो. त्यामागे दातांची झीज, गियर जागेवर धरून ठेवणारी पण कमजोर झालेली डिटेंट स्प्रिंग किंवा बाही सरकवणारा, पण वाकलेला वा झिजलेला सिलेक्टर फोर्क असतो. त्या फोर्कच्या झिजेला ड्रायव्हरचा हात जबाबदार असू शकतो: सिग्नलला, पुलावर, सतत दांड्याच्या गोळ्यावर विसावलेला हात आत फोर्कला बाहीवर दाबून धरतो. आवाजाचीही भाषा आहे. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवरून काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. पहिल्यासाठी गियरबॉक्स खोलावा लागतो, दुसऱ्यासाठी नुसता उतरवावा लागतो, आणि या दोन क्रियापदांत मोठ्या रकमेचा फरक असतो.

उतरवण्याचीच मजुरी मुख्य असल्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलण्यात शहाणपण आहे. एक बेअरिंग वाचवून चार महिन्यांनी पुन्हा गियरबॉक्स उतरवणारे नंतर हळहळतात. त्याच वेळी फ्लायव्हीलच्या तोंडावर निळसर डाग किंवा भेगा आहेत का, आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरतं का, हे दाखवायला सांगावं. तेल नव्या प्लेटवर आलं तर तीही घसरणार. सुटा भाग घेताना खोका आणि पार्ट नंबर बघावा. उल्हासनगरच्या मालावरचं 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जुना विनोद तिथलेच व्यापारी हसत सांगतात, पण बनावट प्लेट आता कोणत्याही शहरातून, ऑनलाइनसुद्धा, घरपोच येते. तिचा थर लवकर सुटतो आणि घाटात कळतं.

आणि जुनी प्लेट गॅरेजमधून मागून घ्यावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या थरात पितळी रिव्हेट असतात. थर रिव्हेटच्या डोक्याबरोबर आलेला असेल तर प्लेट खरोखर संपली होती. रिव्हेट अजून मिलिमीटरभर खोल असतील, थर कोरडा असेल आणि जळल्याचा काळपटपणाही नसेल, तर गियर अडत होता तो दुसऱ्याच कशामुळे, आणि मेकॅनिकला तिथेच उभं राहून विचारायचा प्रश्न असा: केबल आणि पेडलची चाल आधी तपासली होती का?